सनद, संसद आणि कांद्याचा प्रश्न

प्रश्न : पाच वर्षांची एलएलबी यंदा पूर्ण होतेय. उच्च न्यायालयात न्यायमूर्तींकडे लॉ क्लार्क म्हणून काम करता येतं, तसं संसदेत काही असतं का? घरचे म्हणतात, ती लिपिकाची भरती असेल.
– एक विद्यार्थिनी, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : घरच्यांना सांगा, ते वेगळं. सचिवालयातली लिपिकाची भरती ही कायमची नोकरी. तुम्हाला हवंय ते खासदाराच्या संशोधन सहाय्यकाचं काम. त्यातली सर्वांत माहितीची वाट म्हणजे पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेची लॅम्प (खासदारांच्या सहाय्यकांसाठीची) फेलोशिप. २०१० पासून ती चालू आहे. पावसाळी अधिवेशनाच्या सुमारास काम सुरू होतं आणि अर्थसंकल्पी अधिवेशन संपेपर्यंत चालतं. काम पूर्णवेळ, दिल्लीत राहून, एकाच खासदाराबरोबर. पदवी कुठल्याही शाखेची चालते. वयाची अट २५ वर्षांची असते, म्हणून पदवीनंतर दोन-तीन वर्षं ‘आधी बघू’ म्हणत घालवू नका. विद्यावेतन आणि अर्जाची तारीख त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीतच पाहा. दुसरी वाट थेट आहे. खासदारांना कार्यालयीन भत्ता मिळतो आणि त्यातून ते स्वतः सहाय्यक नेमतात. नाशिक जिल्हा नाशिक, दिंडोरी आणि धुळे (मालेगाव, बागलाण) अशा तीन लोकसभा मतदारसंघांत विभागलेला आहे. तिन्हीकडे अर्ज द्या, मात्र नुसता बायोडाटा नको, कामाचा नमुना जोडा.

नमुना कसला? संसदीय प्रश्नाचा. सहाय्यकाचा बराचसा दिवस त्यातच जातो आणि कायद्याची मुलं नेमकी तिथेच अडखळतात. आपल्याकडचा कांदाच घ्या.

पहिल्या झटक्यात बहुतेक जण असं लिहितात : ‘लासलगाव बाजार समितीत लिलाव वारंवार बंद पडतात, सरकार काय करणार आहे?’ हा प्रश्न नामंजूर होतो, कारण बाजार समित्या राज्याच्या अखत्यारीत येतात. मग दुसरा प्रयत्न होतो : ‘कांद्यावरचं निर्यातशुल्क संविधानाच्या अनुच्छेद १४ शी (समानतेच्या हक्काशी) सुसंगत आहे का?’ हाही गेला. कायद्यावरचं मत किंवा ‘असं झालं तर’ अशा धर्तीची विचारणा नियमात बसत नाही. न्यायप्रविष्ट बाब आणि त्याच अधिवेशनात उत्तर मिळून गेलेला प्रश्नही चालत नाही. युक्तिवाद करायची पाच वर्षांची सवय इथे बाजूला ठेवावी लागते. प्रश्नातून माहिती काढायची असते, युक्तिवाद नंतर सभागृहात खासदार करतात.

तिसरी चूक सगळ्यांत महागात पडते, ती म्हणजे मंत्रालय चुकणं. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, डिसेंबरात निर्यातबंदी आली, मे २०२४ मध्ये ती उठली, सप्टेंबरात शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून ते रद्द झालं. कांदा एकच, पण शुल्काचा विषय अर्थ मंत्रालयाचा, बंदीचा वाणिज्य मंत्रालयाचा आणि नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत राखीव (बफर) साठ्यासाठी होणाऱ्या खरेदीचा ग्राहक व्यवहार मंत्रालयाचा. तिन्ही एका प्रश्नात कोंबले की तो या दारातून त्या दारात फिरतो आणि हातात ‘माहिती संकलित केली जात आहे’ असं उत्तर पडतं. म्हणून प्रश्न एकाच मंत्रालयाला धरून असा लिहा :

(अ) २०२४-२५ मध्ये बफर साठ्यासाठी नाफेड व एनसीसीएफने नाशिक जिल्ह्यात किती कांदा खरेदी केला, केंद्रनिहाय;
(ब) प्रत्येक केंद्रावर शेतकऱ्याला दिलेला सरासरी दर किती;
(क) साठवणुकीत किती कांदा खराब झाला आणि त्याची कारणं काय?

मुद्दे तीनच, शब्द १५० च्या मर्यादेच्या बरेच आत. आकडे मागितलेत, तेही वर्ष, जिल्हा आणि केंद्र ठरवून, त्यामुळे मंत्रालयाला निसटायला जागा उरत नाही. ‘केंद्रनिहाय’ हा एक शब्द गाळलात तर राज्याचा एकगठ्ठा आकडा येईल आणि तो नाशिकच्या शेतकऱ्याच्या काहीच कामाचा नाही.

प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते आणि मंत्रालयांचे उत्तराचे वार ठरलेले असतात, म्हणून अधिवेशनाचं वेळापत्रक हाती येताच उलटी मोजणी सुरू करा. लोकसभेत एका सदस्याच्या नावावर दिवसाला जास्तीत जास्त ५ प्रश्न येऊ शकतात आणि त्यांत तारांकित (म्हणजे सभागृहात तोंडी उत्तराचा) एकच. दिवसाच्या यादीत तारांकित २० आणि अतारांकित (लेखी उत्तराचे) २३०. तारांकितांचा क्रम सोडतीने लागतो आणि प्रश्नोत्तरांच्या तासाभरात तोंडी उत्तरं थोड्यांचीच होतात. आमचा सल्ला असा की आकड्यांचा तक्ता हवा असेल तर अतारांकितच द्या. तारांकित लागलाच, तर आदल्या रात्री तीन-चार पूरक प्रश्न (मंत्र्यांच्या उत्तरावर लगेच विचारायचे) लिहून ठेवायचे, कारण खरी धार तिथेच लागते.

प्रश्न : जिल्हा न्यायालयात वर्षभर ज्युनिअर म्हणून काम करतोय, सनद आहे. दिल्लीला गेलो तर सनदेचं काय? पुढे न्यायाधीशपदाची परीक्षा द्यायची आहे.
– एक वकील, नाशिकरोड

उत्तर : बार कौन्सिलच्या नियम ४९ नुसार वकिली करत असताना पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. त्यामुळे रुजू होण्याआधी महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलला लेखी कळवून सनद स्थगित करा आणि परतल्यावर पुन्हा सुरू करून घ्या. मिळणारी रक्कम ‘विद्यावेतन’ आहे म्हणून न कळवता जाऊ नका. शंका असेल तर नेमणूकपत्र जोडून कौन्सिललाच विचारा.

तुमच्यासाठी मोठा मुद्दा पुढचा आहे. २० मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) पदासाठी ३ वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. त्यात न्यायाधीशांकडे लॉ क्लार्क म्हणून केलेलं काम धरलं जातं, खासदाराकडच्या कामाचा उल्लेख नाही. म्हणजे ते वर्ष तुमच्या तीन वर्षांत मोजलं जाईल असं धरून चालू नका. न्यायाधीश होणं हेच पक्कं ठरलं असेल, तर आम्ही तुम्हाला नाशिकलाच थांबा म्हणू.

प्रश्न : माझं हिंदी-इंग्रजी बेताचं आहे. जमेल का?
– एक विद्यार्थी, सटाणा

उत्तर : इंग्रजी वाचून समजायलाच हवं, कारण विधेयकं आणि समित्यांचे अहवाल त्यातून वाचावे लागतात. बोलण्याची भीती नको. सभागृहात मराठीतून बोलता येतं, दुभाष्याची सोय असते, फक्त आधी कळवावं लागतं. आणि मराठीतून बोलणाऱ्या खासदाराला चांगलं मराठी टिपण लिहून देणारा माणूस हवाच असतो. तीन मिनिटांच्या भाषणाला साडेतीनशे शब्द पुरतात. येत्या अधिवेशनातलं एक विधेयक निवडा आणि तेवढ्याच शब्दांत टिपण लिहून बघा : कुठलं कलम बदलतंय, सटाण्यात त्याने काय फरक पडेल, आणि कोणती दुरुस्ती सुचवायची.