खाणीच्या काठावरचे प्रश्न

प्रश्न : सर, 4 डिसेंबर 2024 ला सकाळी आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात जमीन हलली. चुनखडीच्या खाणीतल्या ब्लास्टिंगमुळे असं होतं का?

नाही. त्या 5.3 रिश्टरच्या भूकंपाचं केंद्र तेलंगणातल्या मुलुगू भागात, सुमारे 40 किलोमीटर खोल होतं. खाण त्यापुढे ओरखडाच. ब्लास्टिंगने घराला तडे जाऊ शकतात, ती तक्रार जरूर करा. पण तिची भूकंपाशी गल्लत झाली की कंपनीचंच फावतं.

प्रश्न : चुनखडी पाण्यात विरघळते म्हणतात. मग भूकंपात शेत खचेल का?

असं घडलेलं आहे. क्रोएशियात पेट्रिन्याजवळ 29 डिसेंबर 2020 ला 6.4 चा धक्का बसला आणि मेचेन्चानी, बोरोयेविची या गावांच्या परिसरात शंभराच्या आसपास खड्डे पडले. एक तर जवळपास 30 मीटर रुंद! वर मातीचा थर, खाली पोकळ चुनखडी. माती आधीपासूनच आतल्या आत झरत होती. हादऱ्याने उरलंसुरलं छत खाली आलं.

तुमच्याकडची पैनगंगा चुनखडी फार जुनी, थरांची. मेघालयातल्या चुनखडीत झालेल्या, 30 किलोमीटर लांबीच्या क्रेम लियात प्राह गुहेवरून तिचा अंदाज बांधू नका. मात्र बोअर मारताना रॉड एकदम खाली सुटला, तर खाली पोकळी असू शकते; ती जागा नोंदवून ठेवा.

प्रश्न : बंद खाणीला लागून माझं शेत आहे. खड्ड्यात पाणी साचलंय.

मला खरी काळजी इथे वाटते. 12 जून 1897 च्या शिलाँग भूकंपात चेरापुंजीच्या बाजूला दरडींनीच कितीतरी माणसं गाडली. खाणीची भिंत म्हणजे माणसाने कोरलेला कडाच. दगडातले सांधे, म्हणजे त्यातल्या नैसर्गिक भेगा, खड्ड्याकडे कललेले असतील, त्यांत पाणी मुरलं असेल, तर मध्यम धक्क्यानेही काठ सुटतो. माती-मुरुमाच्या ढिगाऱ्यांचंही तेच, कारण ते नुसते ओतलेले असतात. भूकंप कोरड्या दिवसांची वाट पाहत नाही. किल्लारीचा 30 सप्टेंबरचा, पावसाळा सरतानाचा.

काठाला समांतर भेग दिसली तर तिच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोका आणि दर आठवड्याला अंतर मोजा. काळ्या मातीच्या उन्हाळी भेगा पावसात मिटतात. ही मिटली नाही, उलट रुंदावली, तर तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या. उत्तर येईपर्यंत काठावर गुरं बांधू नका. आणि धक्का बसलाच, तर खड्डा बघायला जाऊ नका. मागून येणारे धक्के सैल झालेला काठ पाडतात.