बिंगसारखा पाइप घेताना

अमेरिकन गायक-अभिनेता बिंग क्रॉस्बीच्या ओठांतला तंबाखूचा पाइप म्हणजे सरळ उभ्या, लहान वाटीचा ‘बिलियर्ड’ नावाचा घाट, बारीक दांडा आणि लांब मुखनळी. नवाच हवा असेल तर इटलीच्या साविनेल्लीचा ‘बिंग्ज फेव्हरिट’ घ्या. पण संग्रहाची खरी मजा ब्रायर या लाकडाच्या जुन्या पाइपांत आहे.

जुना घेताना आधी दांड्याचं तोंड पाहा, जिथे मुखनळी आत बसते. तिथलं लाकूड इतकं पातळ असतं की केसाएवढी चीर सहज जाते, आणि लांबून काढलेल्या फोटोत ती दिसत नाही. विक्रेत्याकडून जवळून काढलेला फोटो मागवाच. पाइप क्लीनर (आतून साफ करायची केसाळ तार) न अडकता वाटीपर्यंत जातो का, तेही विचारा. मुखनळी बदलून आखूड बसवली असेल तर सोडून द्या. या घडणीचा जीवच त्या लांबीत आहे.

वाटीतला काजळीचा थर १ मिमीच्या आसपास ठेवा. जाड झाला की तापून फुगतो आणि वाटी तडकते. एबोनाइटची (कडक रबराची) मुखनळी उन्हाने हिरवट पडते. ती ६००, १०००, मग २००० नंबरच्या ओल्या पॉलिश पेपरने घासा, तिच्यावरचा कंपनीचा शिक्का मात्र वाचवून. गरम पाइपची मुखनळी कधीही ओढू नका, दांड्यात बसणारं तिचं बारीक टोक, म्हणजे कुसू, आतच मोडतं.