पवनेच्या काठची केबिन: आधी शनिवार मोजा, मग गुंठे

प्रश्न: आम्ही दोघं पिंपरी-चिंचवडला नोकरी करतो, वयं ४१ आणि ३९. मुलगी ११ वर्षांची, मुलगा ७ वर्षांचा. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १ लाख ६५ हजार. घराच्या कर्जाचा हप्ता ३८ हजार (शिल्लक ३४ लाख), घरखर्च ८० हजार, एसआयपी ३० हजार. मुदत ठेवी १४ लाख, म्युच्युअल फंड ११ लाख. वर्षातून पाचदा पवना धरणाच्या परिसरात दोन-दोन रात्री केबिन घेऊन राहतो. रात्रीला साधारण १२ हजार पडतात. आता तिथेच ५ गुंठे आणि त्यावर ए-फ्रेम (इंग्रजी A च्या आकाराची) केबिन ३२ लाखांना मिळते आहे (जागा १८, केबिन १४). विक्रेता पहिली तीन वर्षं ८ टक्के परताव्याची हमी देतो. जागा २० गुंठ्यांच्या सामाईक सातबाऱ्यावर आहे, ‘एनए (म्हणजे बिगरशेती) प्रोसेसमध्ये आहे’ असं सांगतात. १२ लाखांच्या ठेवी मोडून आणि राहत्या फ्लॅटवर २० लाखांचं टॉप-अप (चालू घरकर्जावर वाढीव कर्ज, ९.५ टक्के, १० वर्षं) काढून घ्यावी का? ५१ हजार टोकन दिलं आहे.

उत्तर: घेऊ नका. तळ्याकाठी स्वतःची केबिन असावी ही इच्छा चुकीची नाही. पण ही केबिन, या कागदांवर आणि या पैशांतून घेऊ नका.

तुमच्या मनातला हिशोब असा दिसतो: वर्षाला १ लाख २० हजार भाड्यात जातात, त्यापेक्षा स्वतःचं बरं. तर मग स्वतःच्या केबिनमधली एक रात्र कितीला पडते ते काढू. ३२ लाखांत व्यवहार पुरा होत नाही. मुद्रांक शुल्क, नोंदणी (१ टक्का, कमाल ३० हजार), वकील आणि मोजणी मिळून पावणेदोन लाख धरा. बोअर आणि टाकी, सेप्टिक टँक, तारेचं कुंपण, खांब टाकून वीजजोड, इन्व्हर्टर, गाद्या, भांडी, फ्रिज यांना आणखी चार-साडेचार लाख. विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये ‘केबिन’ म्हणजे बहुतेक वेळा सांगाडा, भिंती, छप्पर आणि बाथरूमच्या फरशा एवढंच असतं, ते एकदा ओळ न् ओळ वाचा. म्हणजे हातात किल्ली येईपर्यंत ३८ लाख. वरचे ६ लाख फंडातूनच निघणार.

आता दरवर्षीचं बघू. मोडलेल्या १२ लाखांच्या ठेवीवर ७ टक्के व्याज आणि त्यावर ३० टक्के कर धरला तर ५८ हजार बुडाले. फंडातून काढलेल्या ६ लाखांचे, १० टक्क्यांनी, ६० हजार. टॉप-अपचं व्याज दहा वर्षांत एकूण ११ लाख, म्हणजे सरासरी १ लाख १० हजार. राखणदार महिना १० हजारांनी १ लाख २० हजार. त्याच्याशिवाय पवन मावळात रिकामी केबिन ठेवता येत नाही. देखभाल ४२ हजार. घरपट्टी, वीज, उन्हाळ्यातले टँकर आणि विमा ३० हजार. केबिनची झीज ७० हजार, कारण चौदा लाखांची केबिन वीस वर्षांनी शून्य होते, जमिनीसारखी वाढत नाही. बेरीज ४ लाख ९० हजार. जमीन वर्षाला ६ टक्क्यांनी वाढेल असं उदारपणे धरून १ लाख ८ हजार वजा केले तरी ३ लाख ८२ हजार उरतात. आज दहा रात्री जाता, स्वतःची आहे म्हणून पंधरा रात्री गेलात, तर एक रात्र साडेपंचवीस हजारांना पडली. भाड्याशी बरोबरी साधायला वर्षात ३२ रात्री, म्हणजे सोळा शनिवार-रविवार तिथेच काढावे लागतील.

देखभालीचे ४२ हजार कोणाला जास्त वाटतील. इथल्या चार महिन्यांच्या पावसाला ते कमीच आहेत. ए-फ्रेमचं छप्पर जमिनीपर्यंत येतं, म्हणून पाणी नेमकं खालच्या जोडात साचतं आणि तिथूनच पाइनवूड कुजायला लागतं. लोखंडी सांगाड्याच्या वेल्डवर दुसऱ्याच पावसाळ्यात गंज दिसतो. पत्र्याच्या स्क्रूखालचे रबरी वॉशर उन्हाने कडक होतात आणि प्रत्येक स्क्रू गळतो. जुलैत जमिनीतलं पाणी वर आलं की शोषखड्डा उलटा भरतो. बंद खोलीतल्या गाद्यांना बुरशी धरते. शिवाय वाळवी. दरवर्षी मेमध्ये स्क्रू-वॉशर बदलणं, जोडांवर सीलंट, लाकडाला तेल किंवा पॉलिश, गंजावर प्रायमर आणि रंग हे चुकवून चालत नाही. एक वर्ष टाळलं की पुढच्या वर्षी तिप्पट काम निघतं.

‘पण आम्ही इतर वेळी भाड्याने देऊ.’ इथे मात्र हिशोब खरंच बदलतो, तेव्हा तोही नीट करू. रात्रीचा दर ९ हजार धरा, ॲपचं कमिशन १७ टक्के, दर रात्रीमागे सफाई, धुलाई आणि किरकोळ मोडतोड दीड हजार. हाती सहा हजारांच्या आत उरतात. ४० रात्री गेल्या तर तुमच्या पंधरा रात्री साडेनऊ हजारांना पडतात, म्हणजे आजच्या भाड्यापेक्षा स्वस्त. २५ रात्रीच गेल्या तर साडेपंधरा हजारांना. बरोबरीची रेषा ३४ रात्रींवर आहे. हे अशक्य नाही, आणि विक्रेता कदाचित हाच आकडा दाखवून तुम्हाला पटवतो आहे.

पण या रात्री येणार कुठून? वर्षात शुक्रवार-शनिवारच्या रात्री १०४. जून ते सप्टेंबरच्या ३४ वजा करा: पावसाळ्यात त्या बाजूला गर्दी होते, पण ती दिवसाची, आणि धरणांच्या परिसरात प्रशासनाचे बंदी आदेशही निघतात. उरल्या ७०. तुमच्या १५ काढल्या की ५५ राहतात आणि त्यातल्या ३४ भरायला हव्यात. शिवाय ज्या रात्री पाहुणे सहज मिळतात (दिवाळीची सुटी, नाताळ ते ३१ डिसेंबर, २६ जानेवारीला जोडून आलेला शनिवार) त्याच तुमच्या मुलांच्याही सुटीच्या असतात. एक शनिवार दोनदा विकता येत नाही. पहिल्या वर्षी तुम्ही स्वतः जाल. तिसऱ्या वर्षी हप्ता आठवून ३१ डिसेंबर पाहुण्यांना द्याल आणि स्वतः फेब्रुवारीतला एखादा मंगळवार घ्याल.

दर ठरवतानाची एक बारीक गोष्ट. रात्रीचं भाडं ७,५०० पर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्याच्या वर गेलं की १८ टक्के. तुमची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असल्याने तुम्हाला नोंदणी लागणार नाही, पण ॲप पाहुण्याकडून कर घेतंच. म्हणजे तुमचे ९ हजार पाहुण्याला १०,६२० दिसतात, आणि शेजारच्याचे ७,५०० त्याला ७,८७५ पडतात. चाळीस रात्रींचं गणित इथेही डळमळतं.

८ टक्क्यांची हमी म्हणजे वर्षाला २ लाख ५६ हजार, तीन वर्षांत ७ लाख ६८ हजार, किमतीच्या जवळपास पाव हिस्सा. ती रक्कम आधीच किमतीत चढवलेली नाही ना, हे तपासायला दोन गोष्टी पुरतात. त्याच मापाच्या केबिनचं कोटेशन एखाद्या स्वतंत्र फॅब्रिकेटरकडून घ्या, आणि नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर त्या गावातली गेल्या दोन वर्षांतली खरेदीखतं काढून गुंठ्याचा खरा भाव बघा. आपलेच पैसे हप्त्याहप्त्याने परत मिळत असतील तर त्याला परतावा म्हणत नाहीत. आणि ती हमी पाळली गेली नाही तर तुमच्याकडे तारण काय? लेटरहेडवरचा कागद.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही टॉप-अप का काढता आहात? बहुधा त्या जागेवर थेट कर्ज मिळालं नाही म्हणून. प्लॉटसाठी बँका कर्ज देतात, पण जागा एनए, हद्द स्वतंत्र आणि मालकी निर्विवाद असेल तर. ज्या सातबाऱ्यावर बँकेचा वकील सही करत नाही, त्या सातबाऱ्यासाठी तुम्ही राहता फ्लॅट तारण ठेवता आहात. बँकेचं त्या जागेबद्दलचं मत तुम्हाला फुकटात मिळालं आहे, ते वाया घालवू नका.

कागदांची अडचण अशी. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते; तुम्हा दोघांपैकी कोणी शेतकरी नसेल आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगीही नसेल तर व्यवहार अवैध ठरू शकतो. तुकडेबंदीमुळे (शेतजमिनीचे ठरावीक मापाहून लहान तुकडे पाडायला बंदी) पाच गुंठ्यांचा स्वतंत्र सातबारा होत नाही, म्हणूनच चार जणांची नावं एका २० गुंठ्यांवर चढवायची ही वाट निघाली. अलीकडे तुकडेबंदीत सवलती आल्या, पण त्या निवासी किंवा अन्य अकृषक वापरासाठी दाखवलेल्या जागांपुरत्या. शेती विभागातला गुंठा त्याने मोकळा होत नाही. सामाईक सातबाऱ्यात तुमची मालकी ‘चौथ्या हिश्श्याची’ असते, अमुक झाडापासून तमुक खांबापर्यंतची नाही. उरलेल्या तिघांपैकी एकाने जरी वाटपाचा दावा लावला, तरी केबिन कोणाच्या वाट्याला येईल ते कोर्ट ठरवणार.

पवनेला आणखी एक पदर आहे. धरण १९७२चं, संपादित जमीन जलसंपदा खात्याची आणि धरणग्रस्तांचे प्रश्न अजून जिवंत. ‘लेक टच’ जाहिरातीतली पाण्यालगतची पट्टी बहुतेक वेळा खात्याची असते. तुमची हद्द तिच्या अलीकडे संपते. म्हणून सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात संपादनाचा शेरा आहे का, भोगवटा वर्ग २ आहे का (असेल तर परवानगीशिवाय विक्री होत नाही), पीएमआरडीएचा (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा) झोन दाखला काय म्हणतो, गाव पश्चिम घाटाच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राच्या मसुदा यादीत आहे का, आणि प्लॉटिंग प्रकल्प असेल तर महारेराचा (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाचा) नंबर आहे का, हे सगळं विक्रेत्याच्या नव्हे, तुमच्या वकिलाने ३० वर्षांच्या सर्च रिपोर्टसह बघायला हवं. आणि मे अखेरीला एकदा तिथे जाऊन या. नोव्हेंबरच्या फोटोत पायरीला लागलेलं पाणी तेव्हा बरंच मागे सरकलेलं असतं आणि समोर भेगाळलेला गाळ असतो.

समजा कागद उद्या स्वच्छ झाले. तरीही खिसा नाही म्हणतो. टॉप-अपचा हप्ता २५,९०० आणि केबिनचा रोख खर्च महिना १६ हजार, म्हणजे ४२ हजार. आज सगळं भागवून तुमच्याकडे १७ हजार उरतात. कमी पडणारे २५ हजार एसआयपीतून जाणार. मुलीला कॉलेजला सात वर्षं आहेत. महिना २५ हजार, १० टक्के वाढ धरली तर तोवर सुमारे ३० लाख होतात. ती फी आहे. शिवाय ठेवी १४ लाखांवरून २ लाखांवर येतील, आणि तुमच्या घराला सहा महिन्यांचा आपत्कालीन निधीच ७ लाखांचा हवा. आणि चार वर्षांनी मुलगी दहावीला असेल. दहावीचं वर्ष असलेल्या घरातून दर महिन्याला कोण पवनेला जातं? तिच्यानंतर चार वर्षांनी मुलगा. कर्ज दहा वर्षांचं, आणि त्यातलीच महत्त्वाची वर्षं क्लासमध्ये जाणार.

तेव्हा भाडंच द्या, पण जरा हुशारीने. उरणाऱ्या १७ हजारांतून १२,५०० ची आवर्ती ठेव फक्त सहलीसाठी काढा. वर्षाला दीड लाख होतात, आजच्या खर्चापेक्षा ३० हजार जास्त. पाचपैकी दोन मुक्काम दिवाळी आणि मेच्या सुटीत सोमवार ते गुरुवार घ्या, दर स्पष्ट कमी असतात. दर विचारताना तो केबिनचा की माणशी, जेवण धरून की वगळून, कर धरून की वगळून, आणि पावसामुळे किंवा बंदी आदेशामुळे रद्द झालं तर पैसे परत की नुसतं क्रेडिट, हे मेसेजमध्ये लिहून घ्या. अनोळखी क्रमांकावर पूर्ण रक्कम यूपीआयने पाठवू नका. चोरलेल्या फोटोंवर बुकिंग घेणारे बरेच आहेत. बोटिंग असेल तर मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट आहेत का विचारा, आणि धरणाच्या पाण्यात पोहायला उतरू नका. काठ एकदम खोल जातो आणि खाली गाळ असतो.

भाड्याचा एक फायदा हिशोबात धरलाच नव्हता: दरवेळी पवनाच कशाला? वळवाच्या दिवसांत, मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, भंडारदऱ्याला काजवे असतात. हिवाळ्यात कोयनेच्या जलाशयावर तापोळा-बामणोली. पानशेत आणि भंडारदऱ्याला एमटीडीसीची निवासस्थानं आहेत. टाइमशेअरबद्दल (दरवर्षी ठरावीक दिवस रिसॉर्ट वापरायचं सभासदत्व) तुम्ही विचारलं नाहीत, तरी फोन येईलच: त्यातली वार्षिक देखभाल फी वाढत जाते आणि मधेच बाहेर पडताना फारसं काही परत मिळत नाही.

घरकर्ज १० लाखांच्या खाली आलं, मुलीच्या शिक्षणाचे पैसे बाजूला झाले आणि तरीही ओढ कायम असेल, तर स्वतंत्र सातबाऱ्याचा, एनए झालेला, बँक कर्ज द्यायला तयार असलेला प्लॉट बघा. कर्ज घ्यायचंच असं नाही, बँक तयार आहे एवढं कळलं तरी पुरे.

राहिलं टोकन. आजच ईमेलने सर्च रिपोर्ट, एनए आदेश, झोन दाखला आणि महारेरा नंबर मागा. हे आठ दिवसांत न मिळाल्यास टोकन परत करावं असं त्याच ईमेलमध्ये लिहा. तोवर विसारपावती, साठेखत कशावरही सही नको आणि पुढचा रुपया नको. रेरात नोंदलेल्या प्रकल्पातसुद्धा नोंदणीकृत करार होईपर्यंत १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. पैसे परत आले तर उत्तम. नाही आले, तर ५१ हजार म्हणजे राखणदाराचा पाच महिन्यांचा पगार, तेवढ्यावर सुटलात.