फायटर मासा आजारी पडला, तर आधी पाणी तपासा

प्रश्न : आमच्याकडे दोन लिटरच्या काचेच्या भांड्यात निळा बेट्टा, म्हणजे दुकानात ज्याला फायटर म्हणतात तो मासा आहे. पाऊस लागल्यापासून तो तळाशी बसून राहतो, पर मिटून घेतो, खाणे टाकले तरी वर येत नाही आणि त्याच्या शेपटीची कड कुरतडल्यासारखी व काळपट दिसते. पाणी विहिरीचे असून दर रविवारी आम्ही ते पूर्ण बदलतो. शेजारचे काका त्यात थोडे समुद्राचे पाणी घालायला सांगतात, तर दुकानदाराने निळे औषध दिले आहे. काय करावे?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : आपण कळवलेली लक्षणे पर कुजण्याच्या आजाराची वाटतात. हा आजार जिवाणूंमुळे होतो, पण ते जिवाणू पाण्यात एरवीही असतात. खराब पाण्यामुळे माशाची प्रतिकारशक्ती घटली की त्यांचे फावते. म्हणून निळे औषध तूर्त बाजूला ठेवावे आणि आधी पाण्याकडे वळावे.

मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो, उरलेले खाणे कुजूनही अमोनियाच तयार होतो आणि दोन लिटर पाण्यात तो दोन-तीन दिवसांतच त्रासदायक होऊ शकतो. त्यानंतर रविवारी सगळे पाणी एकदम बदलले, की तापमान व आम्लता अचानक पालटते आणि माशाला दुसरा धक्का बसतो. शिवाय पावसाळ्यात आपल्याकडे विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकतात, आणि तिच्यातील क्लोरीन कल्ल्यांना इजा करतो. तेव्हा पाणी पसरट भांड्यात एक दिवस उघडे ठेवून अधूनमधून ढवळावे किंवा त्यात अँटिक्लोरीनचे थेंब घालावेत, आणि सध्या रोज फक्त एक तृतीयांश पाणी बदलावे. नवे पाणी जुन्याइतकेच कोमट आहे ना, हे हात बुडवून पाहण्यापेक्षा थर्मामीटरने पाहणे बरे. बेट्टाला 25 ते 28 अंश सेल्सिअस मानवते.

समुद्राचे पाणी कृपया घालू नये. बेट्टा मूळचा थायलंडमधील भातखाचरांतला आणि संथ, उथळ गोड्या पाण्यातला मासा आहे. मिठाचा उपयोग मात्र होतो : साधे खडेमीठ कुटून, चार लिटरला एक सपाट चहाचा चमचा या प्रमाणात, म्हणजे आपल्या भांड्याला अर्धा चमचा, वेगळ्या पाण्यात विरघळवून हळूहळू घालावे. मीठ उडून जात नसल्यामुळे पुढे जेवढे पाणी बदलाल तेवढ्यापुरतेच ते पुन्हा घालावे आणि दहा दिवसांहून अधिक काळ हा उपचार चालू ठेवू नये. शेपटीच्या कडेला काचेसारखी पारदर्शक, नाजूक झालर दिसू लागली, तर घाबरू नये. ती नवी वाढ असते.

एक तपासणी आज रात्रीच करावी. खोलीतला दिवा मालवून टॉर्चचा झोत माशाच्या अंगावर तिरपा धरावा. अंगावर सोनेरी-गंजकट भुकटी शिंपडल्यासारखी दिसली, तर तो मखमली रोग, म्हणजे परजीवींचा संसर्ग आहे. त्या परजीवीला उजेड पोषक ठरत असल्याने भांडे झाकून अंधारात ठेवावे आणि दुकानातून त्या रोगाचेच औषध आणून वेष्टनावरील मात्रेप्रमाणे द्यावे. रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके असतील, तर पाणी सावकाश 29-30 अंशांपर्यंत तापवल्याने त्या ठिपक्यांवरील औषधाला साथ मिळते; पण कापसासारखे पांढरट चट्टे असल्यास तापमान वाढवू नये, कारण त्या आजाराचे जिवाणू उष्णतेत फोफावतात. पोट फुगलेले असेल, तर दोन दिवस उपास पुरेसा ठरतो. पोट फुगून सगळे खवले उभे राहिलेले असतील, तर मात्र मासा वाचण्याची आशा फार थोडी असते.

आपल्या किनाऱ्यावर जंगली बदामाची झाडे मुबलक आहेत. फवारणी न झालेल्या झाडाखाली पडलेले, पूर्ण सुकलेले तपकिरी पान धुऊन पाण्यात ठेवल्यास त्यातील टॅनिनमुळे पाणी किंचित आम्ल होते आणि ते बेट्टाला मानवते. तरीही ते उपचाराची जागा घेऊ शकत नाही.

मासा बरा झाल्यावर त्याला पंधरा-वीस लिटरच्या झाकण असलेल्या टाकीत हलवावे, तिला सौम्य प्रवाहाचा स्पंज फिल्टर बसवावा आणि पाणी व झाकण यांमध्ये हवेसाठी थोडी जागा मोकळी सोडावी, कारण हा मासा वर येऊन हवेतूनही श्वास घेतो. आठवडाभरात शेपटी कुजायची थांबली नाही किंवा कूज अंगापर्यंत पोहोचली, तर माणसांच्या प्रतिजैविकाची गोळी चुरून टाकण्याऐवजी माशांची माहिती असलेल्या पशुवैद्यांना किंवा रत्नागिरीजवळील शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातील तज्ज्ञांना विचारावे; विचारताना माशाचे जवळून काढलेले छायाचित्र आणि पाण्याचे तापमान सोबत द्यावे.