हिरो मरतो तेव्हा मुलांशी काय बोलायचं?

ताई, तुमचा मेसेज वाचला. सासर म्हापशाचं, माहेर नगरचं, आता मुक्काम इंग्लंडातल्या स्विंडनला, एक धाकटी लेक, मुलगा १४ वर्षांचा, चर्चला यायचं म्हटलं की कुरकुर आणि सुपरहिरोचे पिक्चर मात्र तोंडपाठ, तर ते बंद करू का असं विचारलंय. अजिबात नको. बंद केलंत तर मोबाईलवर चोरून बघेल आणि त्यावर तुमच्याशी बोलणार नाही ते वेगळंच.

आणि करमणुकीतून श्रद्धा सांगणं गोव्याला काही नवीन नाही हो. फादर स्टीफन्स हे मूळचे इंग्लंडचे धर्मगुरू १५७९ ला गोव्यात आले, नवख्रिस्ती लोकांना पुराणं ऐकायची सवय, ती सुटलेली, मग त्यांनी येशूची अख्खी कथाच मराठी ओवीत रचली, क्रिस्तपुराण, दहा हजारांच्या वर ओव्या, १६१६ ला गोव्यातच रायतूरला छापलं. तियात्र, म्हणजे गोव्याचं कोंकणी नाटक, बघा ना, मधेच कांतार म्हणजे गाणं म्हणायला एकजण पडद्यापुढे येतो, आधी पुढाऱ्यांची टर उडवून हसवतो आणि मग म्हाताऱ्या आईला एकटी टाकून गेलेल्या पोरावर असं काही गातो की शिट्ट्या मारणारेही गप्प होतात. तुमच्याकडे यूकेत तियात्रं येतात, न्या त्याला, कोंकणी अर्धी कळली तरी चालेल.

तसंच मुलाच्या पिक्चरमधूनही येशूच्या समर्पणाबद्दल, म्हणजे दुसऱ्यांसाठी आपणहून जीव देण्याबद्दल, बोलता येतं. फक्त मरणारा प्रत्येक हिरो म्हणजे येशू असं करू नका, पोरं हसतात, आणि बरोबरच हसतात. सूड घेता घेता मेला तो समर्पण नाही करत. हिरो ज्या स्फोटात मरतो त्याच्या आधीचा सीन बघायचा, तो मरायला का तयार होतो ते. गेथशेमाने बागेत येशू काय म्हणतो, हा प्याला माझ्यापासून दूर कर, म्हणजे मरायची हौस नव्हती त्याला, घाबरला होता, शिष्य तिकडे झोपलेले, आणि तरीही म्हणतो माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या. नार्नियाचा २००५ चा पिक्चर लावा कधीतरी, त्याचा मूळ लेखक सी. एस. लुईस ख्रिस्ती श्रद्धेवर लिहिणारा, तिथे हे मुद्दाम घातलेलं आहे. फितूर झालेल्या एडमंडच्या बदल्यात अस्लन सिंह रात्री मरायला निघतो, उदास चाललाय, दोन मुली सोबत. पुढे दुष्ट चेटकिणीची फौज त्याला बांधते, आयाळ कापते, एक पंजा मारला असता तर सगळे उडाले असते पण तो मारत नाही. मुलाला एवढंच विचारा, का नाही मारला? उत्तर तुम्ही देऊ नका.

पिक्चर पॉज करून प्रवचन तर बिलकुल नको. दुसऱ्या दिवशी गाडीत विषय काढा, गाडीत मुलं बरी बोलतात कारण समोरासमोर बघावं लागत नाही.

आता धाकट्या लेकीबद्दल, हे जरा स्पष्टच लिहिते. समर्पण म्हणजे कोणी छळलं तरी सोसत राहायचं असं तिच्या डोक्यात जाऊ देऊ नका, आपल्याकडे बायकांना हेच शिकवून झालंय. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात येशू सांगतो की माझा प्राण कोणी माझ्याकडून घेत नाही, मी आपणहून देतो. शाळेत कोणी त्रास देत असेल तर तिने टीचरला सांगायचं, लगेच.

आणि मिस्टरांनाही सोफ्यावर बसवा, मुलाला चर्चला ने म्हणायचं आणि स्वतः रविवारी झोपायचं हे १४ वर्षांच्या पोराला बरोब्बर दिसतं.