मक्यानंतरचा हरभरा पिवळा पडतोय? युरियाही नको, बाटलीही नको

प्रश्न : खरिपात मका होता, ॲट्राझिन हे तणनाशक मारले होते. मका काढून हरभरा पेरला. उगवण चांगली झाली, पण तीन आठवड्यांत पट्ट्यापट्ट्याने पिवळा पडून जळतोय. दुकानदार म्हणतो युरिया आणि फेरस (लोह) द्या. शिवाय ‘जमिनीतले विष खाणारे जीवाणू’ म्हणून एक बाटली देतोय, अमेरिकेच्या विद्यापीठाचा शोध आहे म्हणे. घ्यावी का?

उत्तर : नका घेऊ. आधी झाड उपटून बघा. लोहाची कमतरता असेल तर शेंड्याची कोवळी पाने पिवळी होतात. ॲट्राझिनमध्ये खालची जुनी पाने आधी पिवळी पडतात, कडा करपतात, मग वर सरकते. पट्टे फवारणीच्या दिशेने आहेत का आणि धुऱ्यावर, जिथे गडी पंप चालू ठेवून वळतो, तिथे जास्त आहे का, तेही बघा. असेल तर दुसरे काही शोधू नका. उगवण चांगली झाली याचेही नवल नाही. हे औषध बी मारत नाही, हिरव्या पानाचे अन्न तयार करणे बंद पाडते. रोप बियातल्या शिदोरीवर चार दिवस उभे राहते, शिदोरी संपली की बसते. मका हे औषध आपल्या अंगातच निष्प्रभ करतो, हरभऱ्याला ते जमत नाही.

आता मात्रेचे. मक्याला 50 टक्के पावडर एकरी 400 ते 800 ग्रॅम, पेरणीनंतर 48 तासांत, उगवणीपूर्वी, ओलाव्यावर. बस. ‘गवत चिवट आहे, दोन किलो टाका’ हा दुकानातला सल्ला आहे, शिफारस नाही. काडेपेटीने मोजून टाकणारे मी पाहिले आहेत आणि त्यांचाच हरभरा दरवर्षी जळतो. उशिरा, महिन्याच्या मक्यात मारले तर गवत मरत नाहीच, औषध मात्र तेवढे दिवस पुढच्या पिकाकडे सरकते. आपल्या काळ्या जमिनीचा सामू (पीएच) 7.5 च्या वर, त्यात पाऊस लवकर उघडला तर हे औषध आणखी रेंगाळते. म्हणजे चुकायला जागा मुळातच कमी. मात्रा वाढवू नका. पुन्हा सांगतो, वाढवू नका.

त्या शोधाबद्दल. शोध खरा आहे. मिनेसोटा विद्यापीठातल्या लोकांनी तणनाशक सांडलेल्या जागेच्या मातीतून स्यूडोमोनास जातीचा एक जीवाणू वेगळा केला आणि 1995 मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. तो ॲट्राझिन फोडून त्यातला नत्र खातो. पुढे तिथल्याच वॅकेट आणि सॅडोव्स्की यांच्या गटाने हे काम करणारे एन्झाइम दुसऱ्या जीवाणूत तयार केले, आणि ते मारलेले जीवाणू साउथ डकोटात ॲट्राझिन सांडलेल्या मातीत मिसळला. आठ आठवड्यांत ॲट्राझिन 52 टक्के घटले, सोबत स्फुरद (फॉस्फरस) दिले तिथे 77 टक्के. ही सांडलवंडीची जागा होती, माती उकरून केलेले काम. तुमच्या एकरभर हरभऱ्यात पंपाने बाटली फवारून तेच होईल, असे त्या संशोधनात कुठेही नाही. बाटलीवर जीवाणूचे नाव, संख्या, मुदत छापली आहे का विचारा. पक्के बिल मागा. मग दुकानदाराचा चेहरा बघा.

या संशोधनातली खरी उपयोगाची गोष्ट दुकानदार सांगत नाही. हा जीवाणू नत्रासाठी ॲट्राझिनला हात लावतो. आयता नत्र मिळाला की तिकडचे काम मंदावते. म्हणजे पिवळे दिसले म्हणून युरिया फेकला, तर विष फोडणाऱ्यालाच जेवायला दुसरीकडे बोलावले. हरभऱ्याला तसाही वरून युरिया लागत नाही. युरिया देऊ नका. दुकानदाराने सांगितले तरी देऊ नका, शेजाऱ्याने दिला तरी देऊ नका.

असे जीवाणू आपल्या मातीतही असतात. ॲट्राझिन वर्षानुवर्षे वापरलेल्या जमिनीत ते वाढून औषध लवकर संपते, असे अमेरिकेतल्या मक्याच्या पट्ट्यातही दिसले आहे. त्यांना लागतो ओलावा, ऊब आणि सेंद्रिय खाद्य. कोरड्या भेगाळलेल्या रानात ते झोपून राहतात. म्हणून आत्ता एक हलके पाणी द्या, पाणी साचू देऊ नका. निम्म्याहून जास्त झाडे गेली असतील तर जीव लावत बसू नका, मोडा आणि चाऱ्याचा मका टाका. पुढच्या हंगामापासून मक्याची धसकटे जाळणे बंद. बारीक करून मातीत गाडा, वर एकरी चार-पाच टन चांगले कुजलेले शेणखत. माझा जोर याच्यावरच आहे आणि राहील. शेणखत मिळत नसेल तर काडीकचरा कुजवून खत करायचा नाडेपचा हौद बांधा. पुसदच्या पांढरीपांडे यांची ही पद्धत जुनी म्हणून हसण्यावारी नेऊ नका. हौद आणि गांडूळ खताचे काम रोजगार हमीतून होईल का, ते ग्रामपंचायतीत विचारा, बाकी सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) सांगतील.

पंप विहिरीच्या काठावर धुऊ नका. औषध पाण्यात उतरले की तिथे शेणखत पोचत नाही.

प्रश्न : माती परीक्षणात हे कळेल का?

उत्तर : मृदा आरोग्य पत्रिकेत 12 घटक येतात : सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, अन्नद्रव्ये. तणनाशकाचा अंश त्यात नसतो. घरीच करा. शेतात पाच-सहा ठिकाणची वरची वीतभर माती एकत्र करा. दुसरीकडून, बांधावरची किंवा औषध न मारलेल्या रानातली माती घ्या. दोन्ही मातींचे चार-चार पेले भरा, तळाला भोक पाडा, काकडी किंवा मोहरीचे बी टाका, पाणी देत रहा. तीन आठवडे थांबा, खरी पाने येऊ द्या, मग ताडून बघा : फक्त शेतातल्या मातीतली रोपे पिवळी पडली तर औषध शिल्लक आहे. आणि पेले उन्हात ठेवा. एकाने ओसरीवर सावलीत ठेवले, सगळे हिरवे दिसले, खुशीत कांद्याची लागण केली आणि महिन्याने मला फोन केला. हे औषध उजेडातच मारते.