ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

प्रश्न : ताई, मी धाराशिव जिल्ह्यात एका संस्थेत क्षेत्र समन्वयक आहे. दोन वर्षांत आम्ही ४० बायकांना शेवयाची मशीन, पिठाची गिरणी, शेळ्या यांसाठी भांडवल दिलं, प्रशिक्षणही दिलं. आता देणगीदारांना अहवाल द्यायचाय. त्यात ‘किती महिला सक्षम झाल्या’ असा एकच रकाना आहे. मशीन किती वाटल्या ते वहीत आहे, पण सक्षम किती, हे कसं मोजू? आमच्या मॅडमनी अर्थतज्ज्ञ नायला कबीर यांचा महिलांचं सक्षमीकरण कसं मोजावं यावरचा १९९९ चा लेख वाचायला दिला. साधनं, निर्णयाची ताकद आणि फलित हे तीन शब्द लक्षात राहिले. पण वस्तीवर गेल्यावर विचारायचं काय?
— एक वाचक, परंडा

उत्तर : असे रकाने मीही भरलेत. एकवीस वर्षं बचत गटांची सहयोगिनी होते. त्यातला एक रकाना अजून टोचतो. शेवयाची मशीन घेतलेल्या एका बाईकडं मी एप्रिलमध्ये गेले होते. दारात डब्यांची रांग, अंगणात खाटेवर शेवया वाळत घातलेल्या, बाईला बोलायला फुरसत नाही. मी तिच्या नावापुढं ‘सक्षम’ लिहिलं आणि एसटी पकडली. ऑगस्टमध्ये दुसऱ्याच कामाला गेले तर मशीनवर गोधडी टाकलेली. म्हणाली, ‘‘ताई, ही मशीन विकता येती का?’’ उन्हाळाभर पहाटे चारला उठून रात्री दहापर्यंत शेवया, वर स्वयंपाक-धुणं होतं तसंच. किलोमागचे पैसे मात्र नवरा घ्यायचा, कारण लाइट बिल तो भरतो. मशीन तिच्या नावावर, राबणं तिचं आणि हिशेब त्याचा.

तेव्हा वर्षातून एकदा जाऊन मोजू नका. शेवयाचं एप्रिलमध्ये विचाराल तर सगळ्याच सक्षम, श्रावणात विचाराल तर एकही नाही.

आता विचारायचं काय. ‘घरात निर्णय कोण घेतं?’ हा प्रश्न फॉर्मवरून खोडून टाका. त्याचं उत्तर ठरलेलं असतं : ‘‘दोघं मिळून.’’ सासू दारात बसली असेल तर तेवढंही नाही, नुसतं हसणं. त्याऐवजी घडलेली गोष्ट विचारा. शेवटची शेळी कधी विकली? व्यापाऱ्याशी भाव कोण बोललं? नोटा कुणी मोजून घेतल्या? त्यातलं तुमच्याकडं किती राहिलं, त्याचं काय आणलं? आणलं ते कुणाला सांगून आणलं? बाई आठवून बोलते तेव्हा शिकवलेलं उत्तर गळून पडतं. हे घरात बसून नाही, शेळ्यांमागं चालता चालता विचारा. आणि एक प्रश्न माझ्याकडून घाला : दुकानातला क्यूआर कोड कुणाच्या खात्याचा, ओटीपी कुणाच्या फोनवर येतो? कागदोपत्री मालकीण असलेल्या किती जणींचा मोबाइल नंबर नवऱ्याचा निघतो, ते बघा.

कालचा दिवसही विचारा, पहाटे चारपासून पुढच्या पहाटेपर्यंत. शेतीतल्या महिलांच्या सक्षमीकरणाचा एक निर्देशांक २०१२ साली आला. त्यात आदल्या दिवशी साडेदहा तासांहून जास्त काम केलेल्या बाईला कामाच्या ओझ्याच्या बाबतीत सक्षम धरत नाहीत. आमच्या गटात हे सांगितलं तेव्हा बायका पोट धरून हसल्या होत्या. तुमच्या मशीनमुळं तिचे तास वाढले असतील, तर ते अहवालात यायलाच हवं.

सगळ्यात अवघड गाठ नफ्याची. श्रीलंकेत संशोधकांनी छोट्या धंदेवाल्यांना दहा किंवा वीस हजार रुपयांची मदत देऊन पाहिली. पुरुषांचा नफा वाढला, बायकांचा वाढलेला दिसलाच नाही. लगेच निष्कर्ष निघाला, बायकांना धंदा जमत नाही! पुढं दुसऱ्या संशोधकांनी भारत आणि घानाच्या माहितीसोबत तेच आकडे २०१९ मध्ये पुन्हा तपासले. तेव्हा कळलं की घरात नवऱ्याचाही धंदा असला की बाईला मिळालेलं भांडवल तिकडं वळतं. जिथं घरात तिचा एकटीचाच धंदा होता, तिथं परतावा पुरुषांइतकाच होता. म्हणजे फक्त तिची गिरणी मोजाल तर पैसा बुडाला असं वाटेल. फक्त घराची मिळकत मोजाल तर ती बाई कुठंच दिसणार नाही. दोन्ही लिहा, वेगवेगळं.

सरकारी ‘लखपती दीदी’ची व्याख्याही याच नजरेनं वाचा. गटातल्या बाईच्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न एक लाख किंवा त्याहून जास्त हवं, आणि ते किमान चार हंगाम किंवा व्यवसायाची चार चक्रं टिकायला हवं. टिकण्याची अट मला मनापासून पटते. पण लाख कुटुंबाचे आणि पदवी बाईची. मधलं अंतर तुम्हालाच मोजावं लागेल.

ज्या बायका यंदा यादीत राहिल्या, मशीन मिळाली नाही, त्यांनाही हेच प्रश्न विचारा. पाऊस बरा झाला की सगळ्या गावाचंच बरं होतं, त्याचं श्रेय संस्थेनं घेऊ नये.

आणि रकाना? तिथं एक आकडा टाकू नका. ४० पैकी किती जणींचा ओटीपी स्वतःच्या फोनवर, किती जणींनी शेवटची विक्री स्वतः ठरवली, किती जणींचे कामाचे तास वाढले, असं तिथंच बारीक अक्षरात लिहा. देणगीदार फोन करतील. करू द्या, तुमच्याकडं सांगायला काहीतरी असेल.

प्रश्न : ताई, मी पापड-कुरडया करते. वर्षातून तीनदा कुणी ना कुणी फॉर्म घेऊन येतं आणि उत्पन्न विचारतं. खरं सांगितलं तर रेशन कार्ड जाईल म्हणून मी दर वेळी कमी सांगते. चुकतं का माझं?
— एक वाचक, कळंब

उत्तर : तुम्ही एकट्या नाही. केशरी कार्डाची कमाल मर्यादा कुटुंबाला वर्षाला एक लाख, आणि ‘लखपती’ व्हायची किमान अटही एक लाख. एका टेबलावर टाळ्या पडतात त्याच आकड्याला दुसऱ्या टेबलावर कार्डाचा रंग बदलतो, मग बाई जपूनच बोलणार. खोटं सांगा असं मी म्हणणार नाही. पण आधी विचारा, ‘‘हा कागद कुठं जाणार? माझं नाव वर राहणार का?’’ संस्थेचा फॉर्म असेल आणि नीट उत्तर मिळालं नाही तर ‘सांगायचं नाही’ म्हणा, तो तुमचा हक्क आहे. आणि सांगाल तेव्हा डाळीचा, तेलाचा, पापडखाराचा, गॅसचा आणि गाडीभाड्याचा खर्च वजा करून सांगा. पुष्कळदा फॉर्मवाले सगळी विक्रीच उत्पन्न म्हणून लिहून नेतात. त्यांच्या हातातला पेन घेऊन तेवढं खोडायला लाजू नका.